पायवाटेला अनुदान द्या, पण बांधकामाच्या खात्यातून नको

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
हिवाळी अधिवेशन, विधानभवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर

विषय : वेंगुर्ले ते रेडी या किनारी पायवाटेसाठी पुरवणी मागण्यांत लाक्षणिक तरतूद करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

१९५३ च्या नागपूर करारामुळे सरकार दर हिवाळ्यात आमच्या गावी येतं. आमदार निवासाला रंग लागतो, सिव्हिल लाइन्समधले खड्डे रातोरात बुजतात, झिरो माइलच्या आसपास पोलिसांचे कठडे उभे राहतात आणि यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघायला लागतात. मोर्चा मीही आणला असता. पण माझी मागणी एक हजार रुपयांची आहे, आणि हजार रुपयांसाठी मोर्चा काढला तर बंदोबस्तावरचे पोलीसच हसतील.

आकडा बरोबर छापला आहे. एक हजारच. तुमच्यापैकी जे दोन-चार अधिवेशनं बघून आहेत त्यांना लाक्षणिक मागणी म्हणजे काय ते सांगायला नको. नव्याने निवडून आलेल्यांसाठी सांगते, कारण माझी सगळी नोकरी कोषागारात देयकं तपासण्यात गेली. अर्थसंकल्पात ज्या कामाचं नावच नाही, त्यावर सरकार एक पैसाही खर्च करू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ प्रमाणे पुरवणी मागणी सभागृहात मांडून मंजूर करून घ्यावी लागते. काम नवीन असेल आणि पैसे दुसरीकडच्या बचतीतून काढता येणार असतील, तर हजार रुपयांची मागणी ठेवून सभागृहाची संमती घेतात. त्या हजारातून काही विकत घ्यायचं नसतं. कामाला वहीत जागा मिळते, एवढंच. मला तेवढीच जागा हवी आहे, आणि ती कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका पायवाटेसाठी हवी आहे.

नागपूरची बाई समुद्राकाठची वाट कशाला मागते, हे आधी सांगते. माझी लेक वेंगुर्ले तालुक्यात दिली आहे. त्या निमित्ताने जाणं-येणं होतं. मध्यंतरी नागपूर–मडगाव विशेष गाडी सुरू झाली तेव्हा तर पुण्या-मुंबईला गाडी बदलणंही चुकलं. तिकडे गेले की सकाळी फिरायला निघते, सवयच आहे. वेंगुर्ल्याहून दक्षिणेला सागरेश्वर, मोचेमाड, टांक, आरवली, सागरतीर्थ, शिरोडा-वेळागर आणि शेवटी रेडी, असा पंचवीसेक किलोमीटरचा किनारा आहे. मध्ये खाड्या आहेत, टेकाडं आहेत, सुरूची बनं आहेत. पुळणीवरून चालायचं, खडक आला की वर सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर चढायचं, पुन्हा जांभ्या दगडाच्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने खाली उतरायचं. ही वाट कोणी नव्याने शोधायची नाही. मासे विकायला जाणाऱ्या बायका, शाळेची पोरं, जत्रेला निघालेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरून चालत आली.

आता ती तुटत चालली आहे. एका ठिकाणी मी स्वतः अडले. सुरूच्या बनातून पाखाडी खाली उतरते, झिजलेल्या चिऱ्यांवर मधोमध पावलांचा खळगा पडलेला स्पष्ट दिसतो, आणि शेवटच्या चार पायऱ्या उरलेल्या असताना समोर लोखंडी जाळी. नवी, हिरव्या रंगाची, सिमेंटच्या खांबांवर ताणलेली. जाळीच्या पलीकडे त्याच पाखाडीच्या उरलेल्या पायऱ्या वाळूत उतरताना दिसत होत्या. जागा कोणी बाहेरच्याने घेतली म्हणे. शेजारच्या वाडीतली एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आली, जाळीकडे बघितलंही नाही, आणि डांबरी रस्त्याच्या लांबच्या वळशाला लागली. घरी येऊन विहीणबाईंना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "वाट खंय रवली आता? कुंपणान खाल्ल्यान ती." तक्रार अशी त्यांनी केली नाही. पाऊस कधी पडला ते सांगावं तशा सुरात सांगितलं.

या वाटेवर कायदा कुठे उभा आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं, कारण तो तुमच्याच सभागृहात झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळही शासनाचाच. बियास नदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगून ठेवलं आहे की समुद्र, वाहतं पाणी, जंगल या गोष्टी सरकार लोकांचा विश्वस्त म्हणून सांभाळतं. भरतीरेषेच्या वर खासगी बागा आहेत हे खरं. पण तिथेही सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून ये-जा करण्यासारख्या हक्कांचा, १८८२ चा कायदा आहे, आणि वीस वर्षांच्या निर्वेध वहिवाटीने हक्क पक्का होतो असं तो म्हणतो. अडवलेली वाट मोकळी करायला मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा अजून जिवंत आहे. विदर्भातले शेतकरी पांदणीच्या भांडणात रोज त्याच कायद्याखाली तहसीलदारापुढे उभे असतात. म्हणजे हक्क नाही असं नाही. हक्काची नोंद ठेवणारा, वाट मोजून नकाशावर चढवणारा आणि दरवर्षी तिच्यावरून चालून बघणारा कोणी नाही. कारण त्या कामाला पैसे देणारं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खातं, नाही.

कोकणातला सातबारा तुम्ही बघितला असेल तर भूसंपादन हा शब्द मी का टाळते आहे ते कळेल. एकेका गुंठ्यावर चाळीस-पन्नास नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयातही नाहीत. तिथे जमीन संपादन करायला निघालात तर वाट व्हायच्या आधी माझी नातवंडं निवृत्त होतील. जमीन विकत घेऊ नका. वहिवाट नोंदवा, तिची मोजणी करा, आणि ज्याच्या बागेतून ती जाते त्याला वर्षाला काही ठरावीक रक्कम द्या.

आता मुद्द्यावर येते.

पर्यटनाचे पैसे दोन खिशांतून जातात. ३४५२ हे पर्यटनाचं महसुली लेखाशीर्ष आणि ५४५२ हे भांडवली. भांडवली खिशातून इमारती, रस्ते, कमानी होतात. देखभाल, मानधन, साफसफाई महसुली खिशातून. तुमच्या मतदारसंघात 'पर्यटन विकास' म्हणून जे येतं ते बहुतेक भांडवली असतं. त्याचं कारणही साधं आहे. भांडवली कामाचं भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, देयक एकदा निघालं की फाइल बंद. देखभालीची फाइल कधी बंद होत नाही, म्हणून ती उघडायलाच कोणी तयार नसतं.

पायवाटेला हा हिशेब उलटा लागतो. तिच्यात बांधण्यासारखं फार थोडं असतं आणि राखण्यासारखं सगळंच.

खात्री करायची असेल तर लांब जाऊ नका. आमच्या शहरात तलाव पुष्कळ. त्यातल्या एकाच्या काठी काही वर्षांपूर्वी चालण्यासाठी पट्टा झाला. कोणत्या तलावाचा, कोणी केला, ते इथे लिहीत नाही, नागपूरकरांनी आपापल्या परीने ओळखावं. पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, शोभेचे दिवे, बसायला ग्रॅनाइटचे बाक. सकाळी साडेपाचला जाऊन बघा. झाडांच्या मुळांनी ब्लॉक उचलले गेले आहेत, दिव्यांच्या खांबांतल्या तारा बाहेर लोंबताहेत, रेलिंगचे तुकडे भंगारात गेले आहेत. आणि पट्ट्याला अगदी लागून, साधारण हातभर रुंदीची, पायांनी दाबून गुळगुळीत झालेली मातीची रेघ तयार झाली आहे. सगळे तिच्यावरून चालतात. गुडघ्यांना मातीच बरी पडते. पेव्हर ब्लॉकवर कुत्री ऊन खात पडलेली असतात. कोनशिला मात्र शाबूत आहे, तिच्यावरची नावंही नीट वाचता येतात.

हाच पट्टा उद्या कोकणात नेऊन अंथरला तर एक पावसाळाही टिकणार नाही. आमच्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडे तीन हजारांच्या आसपास. शिवाय पुळण एका जागी राहत नाही. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात, किनारा खचल्यासारखा दिसतो, आणि हिवाळ्यात शांत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. त्यात मध्ये काँक्रीटची भिंत घातली की लाट तिच्यावर आपटून परत फिरते आणि भिंतीच्या पायथ्याचीच वाळू खरवडून नेते. मग भिंत पडते, तिच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक येतं आणि दुरुस्तीनंतर शेजारचा किनारा खचतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते या वादळांनी किनाऱ्यावरच्या पक्क्या बांधकामांचं काय केलं ते कोकणातल्या सदस्यांनी सांगावं.

इंग्लंडने किनारी वाटेसाठी २००९ साली कायदा केला तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवली. तिथे कडा ढासळला, किनारा खचला, तर वाट जमिनीच्या बाजूला मागे सरकवता येते, अशी सोय त्या योजनेतच आहे. आपल्याकडे साखळी क्रमांकासह, म्हणजे कुठून कुठपर्यंत ते मोजून, मंजूर झालेलं काम हातभर बाजूला सरकलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. मी स्वतः असे आक्षेप काढले आहेत आणि ते नियमानुसार बरोबरच होते. म्हणून म्हणते, सरकणाऱ्या वाटेला न सरकणाऱ्या अंदाजपत्रकात कोंबू नका.

वेल्सचं उदाहरण पैशांच्या बाजूने जास्त उपयोगाचं आहे. ब्रिटनमधला तो एवढासा देश. त्याने आपला सगळा किनारा, साधारण १४०० किलोमीटर, सलग चालता येईल असा केला आणि ५ मे २०१२ रोजी ही वाट खुली झाली. सरकारने एकदम मोठी रक्कम ओतली नाही. साधारण वीस लाख पौंड दरवर्षी, असं काही वर्षं दिलं, वर युरोपच्या प्रादेशिक विकास निधीतून भर घातली, आणि काम सोळा स्थानिक स्वराज्य संस्था व दोन राष्ट्रीय उद्यानं यांच्यामार्फत केलं. आपल्या सरकारी कागदांत महाराष्ट्राचा किनारा वर्षानुवर्षे ७२० किलोमीटर लिहिला जात आला, म्हणजे वेल्सच्या वाटेच्या जवळपास निम्मा. मी त्यातले पंचवीस मागते आहे.

जपानचं तर याहून मनाला भिडणारं आहे. २०११ च्या त्सुनामीत ईशान्य जपानचा किनारा उद्ध्वस्त झाला. तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने पुनर्वसनाचा भाग म्हणून हाचिनोहे ते सोमा अशी सुमारे एक हजार किलोमीटरची मिचिनोकु किनारी वाट आखली आणि २०१९ मध्ये ती सलग जोडली गेली. गावातल्या जुन्या वाटा, बंदरांचे धक्के, देवळांच्या पायऱ्या जोडत नेल्या. चालणारा माणूस गावात थांबतो, जेवतो, झोपतो. मोटारीतला फोटो काढून पुढच्या गावाला जातो.

तुम्ही म्हणाल, किनाऱ्याला पैसे दिले नाहीत असं नाही. दिलेत. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत २०१५-१६ साली सिंधुदुर्गचा किनारी टापू मंजूर झाला होता. शिरोडा, सागरेश्वर, तारकर्ली, विजयदुर्ग, मिठबाव ही नावं त्यात होती. सुरुवातीचा आकडा ८२ कोटींहून अधिक होता, पुढच्या याद्यांत तो १९ कोटींच्या आसपास आला. राज्याने चांदा ते बांदा योजना काढली, आमचं चंद्रपूर आणि तिकडचं सिंधुदुर्ग एका गाठीत बांधून. कल्पना मला फार आवडली होती. ती गुंडाळल्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी सिंधुरत्न आली. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम तर हजारो कोटींचं. यातल्या एकाही मोठ्या रकमेला माझा विरोध नाही. महामार्ग व्हावा, खाड्यांवर पूल व्हावेत. पण चालणाऱ्यासाठी या कोणत्याच शीर्षात ओळ नाही, आणि रेडीपर्यंत महामार्ग गेल्यावर टोपली घेऊन चालणाऱ्या बाईला तो ओलांडायचा कुठे, हे विचारायलाही कोणी बसलेलं नाही.

खर्चाचा अंदाज मी माझ्यापुरता मांडला आहे. दर पाच किलोमीटरला गावातलीच दोन माणसं वाट राखायला, म्हणजे पंचवीस किलोमीटरला दहा. महिना बारा हजार मानधन धरलं तर वर्षाला चौदा लाख चाळीस हजार. पावसाळ्यानंतर पाखाड्यांचे निखळलेले चिरे पुन्हा बसवणं, झाडोरा काढणं. व्हाळांवर जिथे पाय बुडतो तिथे लहान साकव. भूमी अभिलेखकडून मोजणी. वाटेतल्या बागायतदारांना वार्षिक मोबदला. खाडी ओलांडायला होडीवाल्याला मोसमापुरतं ठरावीक अनुदान, म्हणजे गिऱ्हाईक एकटं असलं तरी तो होडी काढेल. दिशादर्शक म्हणून जांभ्यावर चुन्याचा पट्टा पुरे, स्टीलच्या पाट्या खाऱ्या हवेत वर्षभरात गंजतात. सगळं मिळून वर्षाला पन्नास लाखांत बसतं. चुकत असेन तर वित्त विभागाने कापावं, वाढवू मात्र नये. रक्कम वाढली की ठेकेदार येतो.

दिवे अजिबात नकोत. वेंगुर्ल्याच्या उत्तरेला वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गावकरी ती घरटी सांभाळतात. वाळूतून बाहेर आलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने निघतात. एरवी तो उजेड समुद्रावरचा असतो. वाटेवर हॅलोजन लावला तर ती उलटी फिरून रस्त्यावर मरतील. रात्री कोणी चालू नये, साधी गोष्ट आहे. कांदळवनाजवळूनही वाट लांबूनच न्यावी. ज्यांना आत बघायचं आहे त्यांना वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो, पैसे त्यांना मिळू द्यावेत.

आणि रापण. गाबीत मच्छीमार किनाऱ्यावर उभे राहून जाळं ओढतात तेव्हा पन्नास-साठ माणसं दोरीला असतात. त्या वेळी वाट बंद. चालणाऱ्याने थांबावं, नाहीतर दोरीला हात लावावा. हा नियम पहिल्याच शासन निर्णयात लिहून टाका. पुळण आधी त्यांच्या कामाची आहे, नंतर आमच्या फिरण्याची. हे लिहिलं नाही तर उद्या कोणीतरी पर्यटनाच्या नावाखाली सुकायला टाकलेली मासळी हटवायला सांगेल, आणि मग गावंच या वाटेच्या विरोधात उभी राहतील. राहायलाच हवीत.

पैसे कोणाकडे द्यायचे याबद्दल माझं मत ठाम आहे. ग्रामपंचायतीकडे. महामंडळाकडे नको, बांधकाम विभागाकडे नको. ग्रामपंचायतीत गैरप्रकार होत नाहीत असं कोषागारात आयुष्य काढलेली बाई म्हणणार नाही. पण पन्नास हजारांचा गैरप्रकार गावात सगळ्यांना दिसतो. वाट साफ झाली की नाही हे बघायला समिती नेमावी लागत नाही, सकाळी शाळेत जाणारं पोरगंही सांगेल. दोन हप्त्यांत द्या. एक ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, एक फेब्रुवारीत. कृपा करून मार्चअखेरीस देऊ नका. एकतीस मार्चच्या रात्री कोषागारात जी देयकं येतात त्यांचे कागद मी उजेडात धरून बघितले आहेत. त्या रात्री मंजूर झालेली कामं किती वेळा फक्त कागदावर उभी राहतात, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. दुसरा हप्ता देताना उपयोगिता प्रमाणपत्रासोबत ग्रामसभेचा ठराव मागा, आणि ग्रामसभेला आलेल्यांत निम्म्या बायका असाव्यात अशी अट घाला. वाटेवरून पायी जास्त कोण चालतं ते त्यांना विचारा.

आता विदर्भातल्या सदस्यांशी थोडं बोलते. तुम्ही मनात म्हणत असाल, ह्या बाई आमच्या गावच्या, आणि मागतात कोकणासाठी! दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचा हिशेब मांडला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, २०२० मध्ये त्याची मुदत संपली, तरी आमचे सिंचनाचे कालवे अर्धेच. सगळं मान्य आहे, राजेहो. कालव्यांचे पैसे काढून पायवाटेला द्या असं मी म्हणतच नाही. हजार रुपयांनी अनुशेष वाढत नाही. आणि या शीर्षाचं नाव 'किनारी पायवाट' असं ठेवू नका, 'सार्वजनिक पायवाटा' ठेवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. त्यांच्या पाळींवरून चालत गेलं तर एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचता येतं, हिवाळ्यात पक्षी उतरलेले असतात, आणि पाळी झुडपांनी गिळल्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. वेंगुर्ल्यात हे शीर्ष चाललं की पुढचा अर्ज भंडाऱ्याचा येऊ द्या, तो मीच लिहून देईन. जनतेच्या वाटेसाठी खातं एकदा उघडलं की त्यात समुद्र आहे की तलाव, हे कोषागार बघत नाही.

आणि समुद्र नाही म्हणून विदर्भ समुद्राच्या गोष्टीपासून लांब राहिला असंही कधी झालं नाही. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला लोकांनी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ केलं. शिरोड्याची मिठागरं या वाटेतच लागतात. आमच्या शाळांच्या सहली महाबळेश्वर आणि गणपतीपुळ्याला जातात, बसमधून उतरून तासभर लाटांत ओरडून परत येतात. नववी-दहावीची पोरं दोन दिवस आरवली ते रेडी चालली तर भूगोलाच्या पुस्तकातल्या पुळण, खाडी, जांभा, कांदळवन सगळ्यांवर त्यांचा पाय पडेल.

आरवलीचा उल्लेख झालाच आहे तर वेतोबाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या देवळात वेतोबाला केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो, चपला झिजतात, मग भक्त नव्या आणून ठेवतात. मी त्या झिजलेल्या चपला बघितल्या आहेत. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण वाट राखायला रोज कोणीतरी तिच्यावरून फिरावं लागतं आणि त्याच्या चपलांचा खर्च गावाने उचलावा लागतो, ही व्यवस्था त्या गावाने सरकारच्या आधी लावून ठेवली आहे, असं माझ्यातल्या लेखाधिकाऱ्याला वाटून गेलं.

करायचं काय ते थोडक्यात लिहून देते, म्हणजे कोणाला शोधायला नको. या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत पर्यटन विभागाच्या ३४५२ खाली सार्वजनिक पायवाटांसाठी नवीन बाब म्हणून लाक्षणिक मागणी यावी. यादी आधीच छापून सभागृहापुढे आली असेल तर चर्चेच्या वेळी मंत्रिमहोदयांकडून एवढं आश्वासन घ्या की मार्चच्या अर्थसंकल्पात पन्नास लाखांची तरतूद येईल आणि सलग तीन वर्षं राहील. तीन वर्षं यासाठी की पहिल्या वर्षी मोजणी होईल, दुसऱ्या वर्षी वाट मोकळी होईल आणि तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर ती टिकली की नाही ते दिसेल. दरम्यान सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांना पंचवीस किलोमीटरच्या वहिवाटीची गावनिहाय यादी करायला सांगावं. जिथे कुंपणं पडली आहेत तिथे कोणाच्या नावाने ओरड न करता १९०६ च्या कायद्याखाली सुनावण्या लावाव्यात. त्याला पैसे लागत नाहीत.

मागणीच्या स्पष्टीकरणात्मक टिपणीचा एक पानी मसुदा मी तयार केला आहे. नियमांच्या भाषेत आहे, कक्ष अधिकाऱ्याला फारसं बदलावं लागणार नाही. त्याच्या प्रती सोमवारी आमदार निवासाच्या स्वागतकक्षात ठेवते. कोणाला आणखी काही विचारायचं असेल तर मी सकाळी सात वाजेपर्यंत अंबाझरीच्या पाळीवर असते. पण तिथे यायचं तर पायी या, गाड्यांचा ताफा आणलात तर फिरणारे वैतागतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कोषागारातून निवृत्त झालेली एक लेखाधिकारी,
धरमपेठ, नागपूर